बस बंद केली त्या वर्षी

मृणाली घरतला नर्सिंग कॉलेजच्या मुली आपसांत ‘भिंगरी मॅडम’ म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. शिकवताना ती टेबलामागे कधी थांबत नसे. बाकांच्या रांगांतून फिरत राही. चहा खिडकीशी उभ्यानेच पिई. डबा उघडून दोन घास खाल्ले की कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहिलं, असं आठवे आणि ती उठे. नवरा सदा उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला होता, सुट्टीला तेवढा घरी येई. तो म्हणे, तू झोपेतसुद्धा कुठेतरी निघालेली असतेस.

पेणच्या खारेपाटात तिच्या बापाचं, काळूरामचं, निम्मं आयुष्य मिठागरात गेलं. आईच्या पायांना मिठाने पडलेल्या भेगा एकदा चिघळल्या, तेव्हा तिला ड्रेसिंगला पेणच्या दवाखान्यात घेऊन जायचं काम मृणालीकडे आलं. तिथली एक सिस्टर जखम धुता धुता आईशी पोरांच्या, भाताच्या गप्पा मारी आणि आईला दुखल्याचं कळतही नसे. मृणालीची नजर त्या सिस्टरच्या हातांवरून हलायची नाही. पुढे मिठागरं बंद पडली, भाऊ अल्पेशने ट्रक घेतला आणि मृणाली मुंबईला जाऊन नर्स झाली. लग्नानंतर ती परत इकडे आली आणि अलिबाग-पेण रस्त्यापासून खाडीच्या बाजूला आत असलेल्या या लहानशा कॉलेजात शिकवायला लागली.

तिच्याकडे कॉलेजचा चार्ज आला तो अचानक. आधीच्या प्राचार्यबाई नवी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात चांगल्या पगारावर गेल्या, तेही वर्षाच्या मध्यात. त्यांच्या निरोपाचा हार सुकला नव्हता तोच संस्थेचे अध्यक्ष शिवदासशेठ यांनी मृणालीला बोलावून घेतलं. शेठ माणूस वाईट नव्हता. घरचा धंदा ट्रकांचा, पण आपल्या भागातल्या मुलींना मुंबईला न जाता शिकता यावं म्हणून त्यांनी स्वतःची जागा कॉलेजला दिली होती. त्यांनी सरळच सांगितलं की खर्च झेपत नाही. फी वाढवली तर निम्म्या मुली घरी बसतील, आणि नाही वाढवली तर कॉलेजच बसेल. तेव्हा खर्चाला कात्री लावायची, आणि कुठे लावायची ते तिने सांगायचं.

शेठच्या मनात मात्र उत्तर तयार होतं. सगळ्यात जास्त खात होती ती कॉलेजची बस. मुलींना वॉर्डातल्या कामासाठी ती रोज अलिबागला नेई आणि संध्याकाळी परत आणी. ती आठवड्यातून दोनच दिवस काढायची आणि उरलेले दिवस मुलींना कॉलेजातच शिकवायचं. त्यासाठी एका कंपनीची बाहुली हप्त्यावर घ्यायची. ती बाहुली श्वास घेते, कण्हते, तिची नाडी लागते, एवढंच काय, ती बाळंतही होते. कंपनीच्या माणसाने शेठना मोबाईलवर सगळं दाखवलं होतं. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तिचा फोटो टाकला की ॲडमिशनला रांग लागेल, अशी त्यांची खात्री होती.

मृणालीने थोडी मुदत मागून घेतली. पण घरी आल्यावर तिला कशात चैन पडेना. माणसाच्या अंगाला हात न लावता मुली नर्स होणार कशा, हा एक घोर. आणि शेठ म्हणतात तेही खोटं नाही, हा दुसरा. त्या दिवशी तिने भात दोनदा करपवला.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलींबरोबर बसने जाऊ लागली. इतकी वर्षं ती वर्गात शिकवत होती. वॉर्डातली जबाबदारी दुसऱ्या मॅडमकडे होती. आता तिने जाऊन नुसतं पाहिलं. एका खाटेभोवती वीसेक मुली. पुढच्या तिघी-चौघी काहीतरी करतायत, मधल्या बघतायत आणि मागच्यांना काही दिसतही नाही. मागच्या मुली भिंतीला पाय टेकून उभ्या, कुणी बॅगेतलं पुस्तक चाळतंय, कुणी नखं बघतंय. सिस्टर बिचारी आपल्या कामात. तिला एवढ्या मुलींकडे बघायला सवड कुठली? दुपार झाली की सगळ्या बसमध्ये येऊन बसत. मृणालीच्या लक्षात आलं की एवढं डिझेल जाळून आपण मुलींना उभं राहायला घेऊन जातो.

मग तिच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. आपल्या मुली येतात कुठून? नागाव, रेवस, रेवदंडा, मुरूडच्या वाटेवरची गावं, डोंगराकडच्या वाड्या. प्रत्येक बाजूला एक तरी आरोग्य केंद्र आहे. दोन-दोन, तीन-तीन मुलींना घराजवळच्या केंद्रावर धाडलं तर त्या एसटीने जातील किंवा पायी. तिथे गर्दी नाही, म्हणजे हाताला काम मिळेल. अलिबागला जायचं तेही थोड्या-थोड्या जणींनी. बसची गरजच उरणार नाही, आणि बाहुलीचीही. ती स्कूटरवरून केंद्राकेंद्रांवर फिरली, डॉक्टरांना भेटली, अलिबागच्या ऑफिसात हेलपाटे घालून परवानग्या आणल्या. ते दिवस तिला फार आवडले. पायाला भिंगरी होती, तिचा पहिल्यांदा उपयोग होत होता.

शेठ खूश झाले. बाहुली पुढच्या वर्षी बघू म्हणाले आणि बस विकायला काढली.

बसबरोबर रतनही गेला. कॉलेज उघडल्यापासून तोच ती चालवत होता. मुलींच्या बसण्याच्या जागासुद्धा त्याला पाठ. एखादी दिसली नाही तर ती येईपर्यंत हॉर्न वाजवी. बस बंद होतेय हे सांगायला मृणाली स्वतः त्याच्याकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, फडक्याने आरसा पुसत राहिला आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, पोरी एका जागी व्हत्या तवर कुणाला काय झालं तर समजत व्हतं. आता तुमी कुठं-कुठं बघनार?”

नोकरी गेल्याच्या रागाने बोलला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण ते वाक्य तिच्या मागे लागलं. कधी इकडच्या केंद्रावर, कधी तिकडच्या, अशी ती दिवसभर धावू लागली. बाकीच्या मॅडमही जात, पण त्यांना वर्ग होते. स्कूटरचं टायर गुळगुळीत झालं. जिथे ती पोचे तिथे मुली खरोखर काम करताना दिसत आणि तिचा जीव भांड्यात पडे. गाडी वळवली की पुन्हा वर येई.

दिवाळीनंतरची गोष्ट. काशीदच्या मागे डोंगराकडे एक आरोग्य केंद्र आहे, तिथे तिसऱ्या वर्षाच्या दोघी होत्या, शिवानी आणि क्रांती. शिवानी त्याच बाजूच्या कुणब्याच्या घरातली, अबोल, नाकासमोर चालणारी. क्रांती मुरूडची, बोलकी. त्या सकाळी ठाकूरवाडीतली ठमी नावाची बाई तिथे बाळंत झाली. तिसरं बाळंतपण, सगळं सुरळीत. वारही पडली. सिस्टरने तिला तपासलं, मुलींना तिच्याजवळ बसवलं आणि तेवढ्यात दुसरी एक बाई आली, तिला झटके येत होते. डॉक्टर लसीकरणाच्या कामाला दूरच्या वाडीवर गेलेले. त्या बाईला तातडीने अलिबागला हलवावं लागलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर सिस्टरला जावं लागलं. यात कुणाचीच चूक नव्हती. केंद्रात उरल्या दोन मुली, एक आया आणि ठमी.

मृणाली तेव्हा नागावहून रेवदंड्याकडे निघाली होती. सुरूच्या झाडांपाशी फोन वाजला. क्रांतीचा आवाज ओळखू येत नव्हता. ठमीला रक्त जात होतं, खालची चादर भिजली होती, थांबत नव्हतं.

मृणालीचा हात स्कूटरच्या चावीवर गेला. पण पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईचा चढ लागला की फोन लागत नाही, हे तिला माहीत होतं. निघाली तर ती पोचेपर्यंत मुली एकट्या. जन्मभर एका जागी न थांबलेल्या बाईला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला थांबून राहावं लागलं.

तिने विचारलं, पोटाला हात कुणाचा आहे? क्रांती म्हणाली, शिवानीचा. फोन स्पीकरवर ठेवायला सांगून मृणाली हळू पण ठाम आवाजात बोलू लागली. “शिवानी, बेंबीच्या खाली हात ठेव. काय लागतंय?”

मग शिवानी म्हणाली, “मॅडम, मऊ लागतंय. पिशवी कुठं हाय तेच कळंना.”

“कळेल. भाकरीचं पीठ मळतेस ना, तसं दाबून गोल चोळ. तिला दुखेल, ती ओरडेल, तू थांबायचं नाहीस. हाताखाली पिशवी घट्ट होईल, नारळासारखी, मग रक्त थांबतं. झालं की मला सांग.”

दुसऱ्या बाजूला ठमी ओरडत होती. आयाने बाळाला उचलून बाहेर नेलं. मृणालीने क्रांतीला आयाच्या फोनवरून डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. त्यांनी फ्रीजमधलं इंजेक्शन द्यायला सांगितलं, सलाईन लावायला सांगितलं आणि तेही गाडी वळवून निघाले. क्रांतीने इंजेक्शन दिलं. सलाईनची सुई तिला पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदाही नाही. मृणाली सुरूच्या बुंध्याला नखाने खरवडत उभी होती. शेजारून पर्यटकांच्या गाड्या गाणी वाजवत जात होत्या. शिवानीचा नुसता श्वास ऐकू येत होता आणि मधूनमधून ठमीचं कण्हणं.

मग शिवानी म्हणाली, “घट्ट लागतंय.” आणि थोड्या वेळाने, “पुन्हा मऊ झालं.” मृणाली म्हणाली, पुन्हा चोळ. असं किती वेळ चाललं, ते तिला नंतर सांगता आलं नाही. डॉक्टर पोचले आणि त्यांनी फोन हातात घेतला, तेव्हा कुठे तिने स्कूटर सुरू केली.

ती पोचली तोवर रक्त थांबलं होतं. ठमीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. तिला अलिबागला नेलं, रक्त चढवलं, आणि काही दिवसांनी ती बाळ घेऊन वाडीवर परत गेली. शिवानी केंद्राच्या पायरीवर बसून होती. हात धुतलेले होते, तरी ती ते मांडीपासून लांब धरून बसली होती. मृणालीने पाठीवर हात ठेवला तर दचकली. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

बातमी मात्र फिरली. व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलं, आपल्या मुलींनी बाळंतिणीचा जीव वाचवला. शेठना दहा ठिकाणांहून फोन आले. त्यांनी मृणालीला पेढे पाठवले आणि सांगितलं की येत्या बैठकीत तिचा सत्कार करायचा. बस बंद करून खर्चही वाचवला आणि शिक्षणही असं दिलं की मुली एकट्याने बाळंतपण सांभाळतात, हे माहितीपत्रकात छापायचं. पेढ्यांचा खोका मृणालीने शिक्षकांच्या खोलीत ठेवला आणि त्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ‘एकट्याने’ हा शब्द तिला कुसळासारखा टोचत राहिला. मुलींना एकटं कुणी सोडलं होतं? तिनेच. खर्च वाचवताना ती नेमका एक खर्च विसरली होती, मुलींच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या जाणत्या माणसाचा. वॉर्डात काय, केंद्रावर काय, तो कधी पुरलाच नव्हता.

ती शिवानीच्या घरी गेली. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. शिवानी पेंढ्या उचलून आपटत होती. मॅडमना पाहून तिने आणखी जोरात आपटायला सुरुवात केली. तिची आई मैना पदराने तोंड पुसत पुढे आली. पोरगी रातची उठून बसते, हात धुते, सांगत होती. म्हणाली, “बाई, कालेजात काय शिकिवता तुमी? पोर भ्याली हाय. मी पन बाळंतिणी बगितल्यात, पर माझ्या हातात सोडून कुनी गेलं न्हाय कंदी.”

मृणाली खळ्याच्या कडेला उभी राहिली, मग न राहवून तिनेही एक पेंढी उचलली. दोघी झोडत राहिल्या. शेवटी शिवानीनेच थांबून सांगितलं.

“मॅडम, अलिबागला आपण जायचो ना, तवा मी मागच्या रांगेत असायचे. एकदाच माझा हात बाईच्या पोटाला लागला होता, तेव्हा सिस्टर म्हणाली बास, पुढची. त्या दिवशी हाताखाली काय लागतंय तेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही फोनवर नसता तर ती मेली असती.”

“तू हात काढला असतास तरी मेली असती,” मृणाली म्हणाली. “पण तू म्हणतेस ते खरं आहे. तुला तिथे तसं ठेवायला नको होतं. आता मी असं करते, अलिबागच्या प्रसूतीच्या वॉर्डात मी तुझ्या शेजारी उभी राहते. तू ‘आता कळतं’ म्हणशील तोवर.”

शिवानीने पुढची पेंढी उचलली. पण झोडणी उरकल्यावर, पुढच्या आठवड्यात ती अलिबागच्या स्टँडवर उभी होती, आणि तिची आईही बरोबर आली होती, मॅडम खरंच येतात का ते बघायला.

बैठकीत शेठनी शाल मागवून ठेवली होती. मृणालीने ती घेतली नाही. तिला उभ्यानेच बोलायची सवय. ती टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत बोलली. ती बाई वाचली यात आपलं शिक्षण थोडं आणि तिचं नशीब जास्त, असं तिने सांगितलं. बस विकून उरलेले पैसे वाचलेले नाहीत, ते फक्त खर्च करायचे राहिलेत. ते माणसांवर घालायचे. निवृत्त झालेल्या कितीतरी सिस्टर गावोगाव घरी बसून आहेत, त्यांना मानधन देऊन मुलींबरोबर केंद्रावर ठेवायचं. ज्या दिवशी अशी सिस्टर नसेल त्या दिवशी मुलींनी तिथे जायचंच नाही.

एका सभासदाने विचारलं की मग बस बंद करून काय मिळवलं? मृणाली थांबली. म्हणाली, “मुलींच्या हाताला काम मिळालं. ते बसने जाऊन मिळत नव्हतं. पण स्वस्तात मिळेल असं मला वाटलं होतं, ते चुकलं.”

शेठनी शालीची घडी बाजूला सारली. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. माहितीपत्रकाचं पहिलं पान रिकामं राहणार होतं. शेवटी तिने मागितलं त्यातलं निम्मं त्यांनी मान्य केलं. निम्म्या पैशांत निम्म्याच केंद्रांना माणसं मिळणार होती. म्हणून मृणालीने उरलेली केंद्रं त्या वर्षापुरती बंदच केली. काही मुलींना लांब जावं लागलं, दोघींच्या घरच्यांनी त्यावरून तिच्याशी भांडण केलं. ते तिने ऐकून घेतलं.

पहिली आली ती मनुबाई सिस्टर. चाळीस पावसाळे मुरूडच्या बाजूला नर्स म्हणून फिरलेली, गुडघ्यांनी जेरीस आलेली, जिभेने तिखट. मुलीचा हात आपल्या हाताखाली घेऊन ती दाबायला लावी, आणि चुकली की म्हणे, पुन्हा.

बाहुलीचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला. हमरापूरला मृणालीचा मामेभाऊ गणराज याचा गणपतीचा कारखाना आहे. माघी गणपतीची गडबड संपल्यावर ती त्याच्याकडे गेली आणि बाईच्या कमरेच्या हाडाचा साचा करून मागितला. गणराज कानापर्यंत लाल झाला. मूर्तीच्या शेजारी हे कसं ठेवू, विचारू लागला. शेवटी कारखान्याच्या मागच्या पडवीत, गोणपाटाआड त्याने काम केलं आणि काम मात्र नेटकं केलं. आत गर्भपिशवी म्हणून फुटबॉलचा ब्लॅडर, वर मृणालीने शिवलेलं जाड कापड. हवा कमी असली की मऊ, भरली की घट्ट. असे बरेच साचे झाले. वर्गात आता प्रत्येकीच्या पुढे एक असतो, आणि डोळे मिटून हाताखाली काय लागतंय ते सांगितल्याशिवाय कुणाला केंद्रावर जाता येत नाही. शेठ एकदा येऊन बघून गेले. त्यांना ते दिसायला आवडलं नाही, तसं ते म्हणालेही.

रतन नागावच्या एका रिसॉर्टची गाडी चालवतो. परत येशील का, म्हणून तिने विचारून पाहिलं, पण त्याला बोलवायला तिच्याकडे गाडी नव्हती आणि ते त्यालाही माहीत होतं. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, थांबत नाही.

शिवानी पास झाली. प्रसूतीच्या वॉर्डातच तिने नोकरी धरली, पनवेलला. ठमीचं नाव ती घेत नाही.

या वर्षी बंद केलेल्यांपैकी दोन केंद्रं उघडायची असं मृणालीच्या मनात आहे. त्यातल्या एका ठिकाणी नवीन सिस्टर बदलून आल्यात आणि मुली नकोत म्हणतात. आधीच्या नेमणुकीवर त्यांना शिकाऊ मुलींचा त्रास झाला होता. मृणाली दोनदा जाऊन आली. सिस्टरनी चहा दिला, होकार दिला नाही. आज ती पुन्हा निघाली आहे, मनुबाई सिस्टरला स्कूटरवर मागे बसवून, आणि मनुबाई वाटभर ओरडतेय की बाई गं, जरा हळू चालव.